आकडा छापण्याआधी बल्ब नीट भरा : सांगली-मिरजेतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

सांगली, मिरज आणि कुपवाडमधले कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि लॅबचालक, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. वेगवेगळं लिहिलं असतं तर प्रत्येकानं ते दुसऱ्यासाठी आहे असं समजून बाजूला ठेवलं असतं.

३३ वर्षं मी मिरजेत लॅब टेक्निशियन होते. सुरुवात केली ती आरशाच्या मायक्रोस्कोपवर, खिडकीतल्या उजेडात. निवृत्त झाले तेव्हा फाइव्ह पार्ट सेल काउंटर, म्हणजे पांढऱ्या पेशींचे पाचही प्रकार वेगळे मोजणारं मशीन, मिनिटाला एक रिपोर्ट फेकत होता. तुमच्यातल्या काहींनी इंटर्न असताना बल्बवर, म्हणजे रक्ताच्या नळीवर, आधी नाव लिहायचं आणि मग रक्त भरायचं, हे माझ्याकडून शिकलंय. आता आठवत नसेल, चालायचंच.

पत्र लिहायला कारण घडलं ते घरातच. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. दोन वर्षांपूर्वी खरड छाटणीच्या दिवसांत त्यांना खोकल्यातून रक्त पडलं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, डोक्यातही एक गाठ गेलेली. बायोप्सीचा तुकडा इतका चिमुकला आला की डायग्नोसिस करण्यातच संपला, पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवताना गाठीवर बघतात ते प्रथिन) तपासायला काही उरलंच नाही. पुन्हा सुई घालून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा एका ठिकाणी सुचवलं गेलं की रक्तातून ‘इम्यून प्रोफाइल’ करून घ्या, म्हणजे इम्युनोथेरपी, शरीराच्याच पेशींना कॅन्सरवर सोडणारं औषध, लागू पडेल का ते लाखो रुपये घालण्याआधी कळेल. कोणी सुचवलं, ते इथं लिहीत नाही. माझं भांडण त्या एका माणसाशी नाही.

साडेआठ हजार भरले. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. चार पानं, रंगीत, वर ढालीचं चित्र. त्यात अर्ध्याहून जास्त साधी सीबीसीच, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणीच होती, फक्त मोठ्या अक्षरांत. पांढऱ्या पेशींत पॉली म्हणजे न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फो म्हणजे लिम्फोसाइट १०. त्यांचा भागाकार ८.४, तो लाल चौकटीत. खाली इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ असा : इम्युनोथेरपीला प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी.

बहिणीच्या घरी सोप्यात बैठक बसली. भाच्यानं ती ओळ मोबाइलवर मोठी करून सगळ्यांना दाखवली. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कागदावरच लिहिलंय म्हटल्यावर रान कशाला गहाण टाकताय?”

मी ती चार पानं बाजूला ठेवली आणि औषधांची पिशवी मागितली. पिशवीत वरच डेक्सामिथासोन या स्टिरॉइडची पट्टी. मेंदूची सूज उतरावी म्हणून चार दिवसांपासून चालू होती. स्टिरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या पॉली सुटून प्रवाहात येतात, मज्जेतूनही जास्तीच्या बाहेर पडतात, आणि लिम्फो रक्तातून काढता पाय घेतात. पॉली वर, लिम्फो खाली. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे विचारतात. त्या चार रंगीत पानांवर ‘पेशंट स्टिरॉइडवर आहे का?’ हा प्रश्न कुठंही नव्हता. बल्ब भरणाऱ्यानं विचारला नाही, रिपोर्ट छापणाऱ्यानं विचारला नाही, सही करणाऱ्यानंही नाही.

डोक्याला रेडिएशन झालं, स्टिरॉइड हळूहळू कमी करून बंद झालं. त्यानंतर दहा दिवस थांबून, ताप-खोकला नाही ना हे बघून, मी स्वतः त्यांचं रक्त घेतलं. पॉली ७०, लिम्फो २२. भागाकार ३.२. माणूस तोच, गाठ तीच.

आता तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, बाई, स्टिरॉइडचा मुद्दा इतका सरळ नाही. मान्य आहे. सुरुवातीलाच दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं स्टिरॉइड घेणाऱ्या फुप्फुसाच्या पेशंटना ही औषधं कमी लागू पडतात, असं २०१८ पासून नोंदलं गेलंय. त्यातला काही भाग असा की स्टिरॉइड ज्यांना द्यावं लागतं ते मुळातच जास्त आजारी असतात. म्हणजे तो ८.४ निव्वळ खोटा होता असं मी म्हणत नाही. तो जे सांगत होता ते वेगळं होतं, आणि खाली जे छापलं ते वेगळं.

हे पत्र उघड्यावर लिहितेय, त्यामुळे पेशंटच्या घरचेही वाचतील. त्यांच्यासाठी थोडं सांगते, तुम्ही डॉक्टर मंडळींनी दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

आपल्या लिम्फोसाइटमध्ये टी-पेशी नावाच्या पेशी असतात, त्या कॅन्सरच्या पेशी ओळखून मारू शकतात. पण त्यांनी आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेला असतो. पीडी-१ हा त्यातला एक ब्रेक. गाठ हुशार असते, ती पीडी-एल१ नावाचा हात पुढं करून तो ब्रेक दाबून धरते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं तो हात बाजूला सारतात. म्हणजे औषध कॅन्सरला थेट मारतच नाही, आपल्याच पेशींना मोकळं करतं. या ब्रेकांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ज्यांना हे औषध लागू पडतं त्यांच्यातले काही जण वर्षानुवर्षं बरे राहतात. अडचण एवढीच, की लागू पडणारे थोडे. गाठीवर पीडी-एल१ भरपूर म्हणजे निदान ५० टक्के आहे, अशाच फुप्फुसाच्या पेशंटना निवडून २०१६ साली एक मोठी चाचणी झाली, त्यातसुद्धा गाठ ठळकपणे लहान झाली ती ४५ टक्के लोकांची. निवडून घेतलेल्यांतही निम्म्यांहून जास्त बाहेरच राहिले.

म्हणून जगभर शोध चाललाय की कोणाला लागू पडेल हे आधी कळावं, आणि तेही गाठीत सुई न घालता, दंडातल्या रक्तातून. रक्त का? औषध काम करतं ते आपल्या पेशींमार्फत, आणि त्या पेशी रक्तातूनच ये-जा करतात. लिम्फो मुळातच कमी असतील तर ब्रेक सोडून उपयोग काय, गाडीच नाही. आणि पॉली फार वाढलेल्या असतील तर बहुतेक वेळा गाठीनं शरीरात आग लावून ठेवलेली असते, आणि त्या पॉलींतल्या काही टी-पेशींनाच दाबून टाकतात. दोघांचा भागाकार, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट म्हणजे एनएलआर, हा त्या आगीचा स्वस्तातला अंदाज. दोन-अडीचशे रुपयांच्या सीबीसीत तो बसलेलाच असतो.

इथवर मला सगळं पटतं. ही कल्पना मला आवडतेसुद्धा. जन्मभर ज्या डिफरन्शियलकडे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीकडे, डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्यात एवढं काही दडलंय म्हटल्यावर एका टेक्निशियनला बरं वाटणारच.

पण हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या पेवात माल कसा आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघून सांगायचं, असं हे काम आहे. गाड्या बघून अंदाज बांधता येतो, अडत्याला तो येतोही. पण पेवात उतरल्याशिवाय सौदा कोणी पक्का करत नाही. कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशी लढतात त्या गाठीत. रक्त हा त्यांचा रस्ता.

त्या रस्त्यावरून बारकाईनं बघणारेही आहेत. औषधाचा पहिला डोस गेल्यावर काही आठवड्यांत रक्तातल्या पीडी-१ असलेल्या सीडी८ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) वाढायला लागल्या का, म्हणजे त्यांच्यात केआय-६७ ही वाढीची खूण दिसते का, हे फ्लो सायटोमेट्रीनं, पेशी एकेक करून तपासणाऱ्या मशीननं, पाहिलं गेलंय. २०१७ मध्ये त्यावर महत्त्वाचे निबंध आले. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात उपचाराआधीच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरून अंदाज बांधला गेला. सुंदर कामं आहेत. पण ती मोजक्या पेशंटवर, एकेका संस्थेतल्या मशीनवर झालेली. त्यांचं नाव घेऊन मिरजेत कोणी पॅकेज विकायला लागलं, तर त्याला विचारा : रक्त इथून निघून मशीनपर्यंत किती तासांत पोचतं? आणि उत्तर काहीही आलं तर उपचार बदलणार आहात का? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असेल तर पेशंटच्या खिशात हात का घालताय?

मला जास्त आशा वाटते ती साध्या आकड्यांकडून. २०१८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी लिपी नावाचा निर्देशांक आला. (आपल्या कानाला ‘लिपी’ म्हणजे अक्षरं. नाव योगायोगानं छान जमलंय.) त्यात दोनच गोष्टी. न्यूट्रोफिल भागिले उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशी, हा आकडा ३ च्या वर आहे का? आणि एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एन्झाइम, नॉर्मलच्या वर आहे का? दोन्ही नाही तर चांगला गट, एक असेल तर मधला, दोन्ही असतील तर वाईट. अंगणवाडीतल्या ताईंनाही करता येईल असं गणित. जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मंडळींनी स्कॉर्पिओ नावाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. नाव ऐकून आपल्याकडे पुढाऱ्यांची गाडी आठवेल, पण हे सीबीसी, लिव्हर-किडनीच्या नेहमीच्या तपासण्या आणि पेशंटची साधी माहिती यांवरून अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल आहे. २१ प्रकारच्या कॅन्सरचे ९,७४५ पेशंट त्यात होते, आणि गाठीतल्या पीडी-एल१पेक्षा किंवा जनुकांतल्या बदलांच्या मोजणीपेक्षा त्याचा अंदाज सरस ठरला. महागड्या तपासणीला रोजच्या सीबीसीनं मागं टाकलं म्हणायचं.

आता तिढा इथं आहे, आणि या पत्रातली माझी मुख्य तक्रारही हीच. लिपीबद्दल पहिल्या निबंधात असं दिसलं होतं की इम्युनोथेरपी घेणाऱ्यांत त्याचे गट नीट वेगळे पडतात, नुसत्या केमोवाल्यांत पडत नाहीत. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकांनी बऱ्याच चाचण्यांचा डेटा एकत्र करून पाहिला. तेव्हा उलगडलं की आकडा वाईट असेल तर केमो द्या, गोळ्या द्या की इम्युनोथेरपी द्या, तो पेशंट कमीच दिवस काढतो. माझ्या माहेरी बागा आहेत, म्हणून त्याच भाषेत सांगते. वेल कमजोर असली की तिच्यावर कुठलंही औषध मारा, घड कमीच लागणार. म्हणून ते औषध डाउनीवर, द्राक्षाच्या बुरशीवर, चालत नाही असं होत नाही. कमजोर वेल ओळखणं ही एक पारख, कुठल्या वेलीवर कुठलं औषध लागू पडेल हे सांगणं दुसरी. एनएलआर आज बऱ्याच अंशी पहिली पारख करतो. त्या चार पानी पीडीएफमध्ये तो दुसरी करत असल्यासारखा छापला होता, आणि त्या जोरावर एक माणूस औषध नको म्हणायला निघाला होता.

तुम्हाला हा फरक पाठ आहे, डॉक्टर. मग रिपोर्टच्या तळाशी ती ओळ छापली जाते तेव्हा तुम्ही बोलत का नाही?

आता माझ्या घरचं, म्हणजे बल्बचं. जो भागाकार पुढं मुंबई-न्यूयॉर्कपर्यंत जाणार, तो सुरू होतो आटपाडी नाहीतर जतच्या एखाद्या कलेक्शन सेंटरवर, जिथं बारावी झालेलं पोर तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलंय. ते सिरिंजनं रक्त काढतं, सुई तशीच ठेवून रबरी झाकणात खुपसतं आणि दट्ट्या अंगठ्यानं जोरात दाबतं. बारीक सुईतून रक्त दाबलं की तांबड्या पेशी फुटतात. एलडीएच सीरमपेक्षा, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळ्या पाण्यापेक्षा, तांबड्या पेशीत शंभर पटींहून जास्त असतं. थोड्या फुटल्या तरी आकडा उडी मारतो. मग तो बल्ब मोटरसायकलच्या डिकीत, एप्रिलच्या उन्हात, ८० किलोमीटर हादरे खात मिरजेला येतो. सेंट्रिफ्यूजमधून काढला की सीरम पिवळं असायचं ते कोकम सरबतासारखं. मी असे बल्ब परत पाठवायचे. त्यावरून मालकांची बोलणीही खाल्लीत, कारण पेशंटला पुन्हा बोलवायला कोणालाच नको असतं. बहुतेक ठिकाणी ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’, म्हणजे पेशी फुटलेलं, असं मुंगीच्या अक्षरांत लिहून आकडा जातोच. आणि तोच एलडीएच लिपीतला दुसरा निकष! फुटलेल्या बल्बनं पेशंटला मधल्या गटातून वाईट गटात ढकललं, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

उलट चूकही आहे. कोणी जास्त काळजी करणारा तो बल्ब बर्फात ठेवून आणतो. एलडीएचचे काही प्रकार थंडीनं मरतात. हे सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर लावायचं असतं. आणि एलडीएचची नॉर्मल मर्यादा सगळ्या लॅबना एकच नसते. एका पद्धतीत वरची मर्यादा २५० च्या आसपास, दुसरीत साडेचारशेच्या पुढं. या महिन्यात सांगलीत, पुढच्या महिन्यात मिरजेत, असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढलं’, ‘कमी झालं’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. सांगायला वाईट वाटतं, पण एक-दोन डॉक्टरही पाहिलेत.

डिफरन्शियलचंही तेच. जिथं थ्री पार्ट मशीन आहे, म्हणजे पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारं, तिथं पॉली नीट वेगळ्या मोजल्या असं खात्रीनं म्हणता येत नाही, मग स्लाइड करून मोजतात. लीशमनचा स्टेन म्हणजे पेशी रंगवायचा रंग, टॅली काउंटर म्हणजे बोटानं दाबून मोजायचं यंत्र, १०० पेशी. शंभरात १० लिम्फो सापडले तर खरा आकडा ५ पासून १८ पर्यंत कुठंही असू शकतो. हे माझं मत नाही, मोजणीचं साधं गणित आहे. म्हणजे पॉली ८४ च धरल्या तरी एनएलआर साधारण साडेचार ते सतरा यांमध्ये कुठंही. अशा मोजणीचा भागाकार दशांश चिन्हापर्यंत छापायचा म्हणजे घरमालकानं पावलांनी मोजलेल्या प्लॉटचा नकाशा मिलिमीटरमध्ये काढणं झालं. आणि १०० च्या जागी ५० पेशी मोजून दुपटीचा आकडा लिहिणारे हात... जाऊ द्या, तो विषय वेगळा.

अजून एक. हे सगळे निर्देशांक परदेशी रक्तावर घडलेत. आपल्या रक्तातल्या आकड्यांचा पट्टा आपला वेगळा असतो. मेलानोमाच्या पेशंटमध्ये इओसिनोफिल, पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, वाढले तर इम्युनोथेरपीचा गुण येतोय असं तिकडं वाचतात. आपल्याकडे उसाच्या फडात अनवाणी राबणाऱ्या बाईचे इओसिनोफिल वाढलेत, तर मी आधी जंताचं औषध विचारेन. क्षयरोगात मोनोसाइट आणि लिम्फो यांचं प्रमाण बदलतं, आणि जुना टीबी या औषधांनी उसळू शकतो हे तुम्हाला माहीत आहेच. डेंग्यूच्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात. केमोनंतर काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलं की पॉली आभाळाला टेकतात. यातलं काहीही बल्बवरच्या चिठ्ठीत नसतं. चिठ्ठीत असतं नाव, वय आणि ‘रेफर्ड बाय’.

मग आपला आकडा कुठून आणायचा? आपणच काढायचा. आपल्याकडच्या मंडळींनी परदेशाची वाट न बघता प्रश्न विचारला तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईत आहे. टाटा मेमोरियलनं २०२२ मध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरवरची चाचणी प्रसिद्ध केली. निव्होलुमॅब नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहून कमी, फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. १५१ पेशंट. एका वर्षानं हयात असलेले १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. मिश्री, तंबाखू, मावा यांनी तोंड सडलेली माणसं आपल्या ओपीडीत रांगेनं बसतात, त्यांच्यासाठी ही केवढी गोष्ट! आता हा छोटा डोस कोणाला लागू पडतो हे साध्या सीबीसीतून थोडं जरी उमगलं, तर त्याचा उपयोग न्यूयॉर्कपेक्षा मिरजेला जास्त.

मिरजेला लोक आरोग्यपंढरी म्हणतात. अथणी, विजापूर, पंढरपूर, कुठून कुठून पेशंट येतात. केमोच्या प्रत्येक सायकलआधी सीबीसी होतेच. म्हणजे हजारो सीबीसी, तारखेसकट, पेशंटसकट, या एका गावात आधीच केलेल्या आहेत. आणि त्या आहेत कुठं? पेशंटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी पडून, शाई उडालेल्या. लॅबच्या कॉम्प्युटरमधून दोन वर्षांनी पुसलेल्या. नवीन तपासणी विकत घ्यायच्या आधी ही जुनी सोन्याची रास तरी झाडून घ्या.

मला काय हवंय ते सांगते. पहिल्या डोसआधीची सीबीसी आणि एलडीएच ताप, इन्फेक्शन नसताना घ्या. स्टिरॉइड चालू असेल तर कुठलं, किती, शेवटची गोळी कधी, हे चिठ्ठीवर लिहा, आणि लॅबनं ते रिपोर्टवर छापावं. नुसते टक्के न देता प्रत्यक्ष संख्या द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसआधी तीच लॅब, तेच मशीन. एकट्या आकड्यापेक्षा तो उतरतोय की चढतोय याला जास्त अर्थ आहे, आणि ती रांग लावायला एक पैसा लागत नाही, शिस्त लागते. लॅबवाल्यांनो, लाल चौकटीखालची ती भविष्यवाणी काढून टाका. पेशंटला औषध द्यायचं की नाही हे त्याला बघितलेल्या डॉक्टरनं ठरवायचंय, त्याला कधी न पाहिलेल्या प्रिंटरनं नाही. आणि डॉक्टर, तुम्ही तो आकडा घरच्यांना मराठीत सांगा. “हा आकडा वाढलाय, म्हणजे शरीर जास्त झगडतंय. यावरून औषध चालणार नाही असं म्हणता येत नाही.” दोन वाक्यं आहेत. ओपीडीत शंभर पेशंट असतात हे मला ठाऊक आहे, तरी ही दोन वाक्यं मावतील.

राहिलं एकत्र बसायचं. महिन्यातून एक संध्याकाळ, पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ, एका टेबलाला. वीस पेशंट घ्या. पहिल्या डोसआधीचा आकडा, तिसऱ्या डोसआधीचा, आणि स्कॅनमध्ये काय निघालं. नावं झाका, परवानग्या घ्या, कागदपत्रं नीट करा. वर्षभरात आपल्या रक्ताचा आपला अंदाज उभा राहायला लागेल. कदाचित कळेल की हा आकडा आपल्याकडे काहीच सांगत नाही. तेही कळायला हवंच की.

दाजींचं सांगायचं राहिलं. ३.२ आला म्हणून त्यांना औषध दिलं असं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी ती चार पानं मिटून ठेवली आणि सरळ सांगितलं, यातून मला काही ठरवता येत नाही, तुमची तब्येत बघून आपण केमोबरोबर सुरू करू. तिसऱ्या डोसआधी एनएलआर २.५ झाला. स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली. दाजी ऑक्टोबरच्या छाटणीला स्वतः बागेत उभे होते, हातात कात्री घेऊन माणसांवर ओरडत. सगळ्यांना वाटलं, आकडा खरा ठरला. नऊ महिन्यांनी आकडा अजूनही छानच होता, २.८, आणि स्कॅनमध्ये यकृतात नवी गाठ. मार्गशीर्षात ते गेले. चांगला आकडा शेवटपर्यंत चांगलाच राहिला होता, ते त्याचं मला आजही नवल वाटतं, आणि थोडा रागही येतो.

त्यांची सगळी नोंद माझ्याकडे वहीत आहे. तारीख, वेळ, पॉली, लिम्फो, एलडीएच, त्या दिवशीची औषधं, ताप. एकाच माणसाची वही, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. पण अशा दोनशे वह्या एका टेबलावर आल्या तर मी ते बघायला येईन, चहा मीच करेन.

आणि तोवर एक काम मला द्या. कलेक्शन सेंटरवरची तुमची पोरं माझ्याकडे पाठवा. सिरिंजची सुई काढून, झाकण उघडून, बल्बच्या भिंतीवरून रक्त सावकाश कसं सोडायचं, जांभळ्या झाकणाचा बल्ब किती वेळा उलटासुलटा करायचा, सीरम तांबडं दिसलं तर पेशंटला फोन कसा करायचा, हे दोन तासांत शिकवते. पैसे नकोत. रविवारी सकाळी दहानंतर मी मोकळी असते. जुना सेंट्रिफ्यूज माझ्याकडे आहे, अजून चालतो. सिरिंजा आणि बल्ब तेवढे तुम्ही पाठवा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज